घणाची साक्ष

प्राचीन रोमन सैनिकाचे कांस्याचे शिरस्त्राण हाती आले, की संशोधक आधी त्याची आतली बाजू पाहतो. तेथे हातोडीचे ठसे दिसले, तर ते ठोकून घडविले हे उघड होते. कारागीर लिहून ठेवीत नाही. वस्तूच साक्ष देते.

हीच दृष्टी घेऊन धारेस जाऊ. धार काय, देवास काय, पवारांच्या या राजधान्या मराठी माणसाला परक्या नाहीत. दिलावरखानाने १४०५ साली बांधलेल्या लाट मशिदीच्या आवारात एका लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे ४३ फूट, वजन अजमासे ७ टन. लोकपरंपरा तो भोजराजाचा मानते. गुजरातचा बहादूरशहा तो नेऊ पाहत असता मोडला, असे जहांगीराने आत्मवृत्तात नमूद केले आहे.

हा स्तंभ ओतलेला असावा, असे वर्गातील मुलांना सहज वाटते. परंतु आपल्या जुन्या भट्ट्यांतून लोखंड पाण्यासारखे वाहत नसे. त्याचे गोळे निघत. ते तापवून, घणाने एकमेकांत सांधून, हा स्तंभ घडला. त्याच्या अंगावर जागोजाग भोके आहेत. त्यांत गज घालून हे धूड भट्टीपाशी फिरवीत असावेत, असे संशोधकांचे अनुमान आहे. कानपूरचे प्रा. बालसुब्रमण्यम यांनी २००२ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

स्तंभावर अकबराच्या मुक्कामाचा फारसी लेख आहे. लोहाराचे नाव मात्र कोठेच नाही. ती भोके हीच त्याची सही. धारेस गेलात, तर ती अवश्य वाचा.