अनुदानाचा शोध : अकलूज परिसराच्या निमित्ताने शिक्षणसंस्थांच्या अर्थसाधनांचा एक विचार

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्यांचा त्याग, त्यांची तळमळ आणि त्यांना झालेला विरोध यांचे वर्णन अशा चरित्रांतून विस्ताराने येते. पण शाळेचे भाडे कोणी दिले, शिक्षकाचा पगार कोणत्या महिन्यात थकला, सरकारी अनुदानाचा अर्ज कोणत्या अटीवर मंजूर झाला, या गोष्टी परिशिष्टात जातात किंवा मुळीच येत नाहीत. वस्तुतः संस्थेचे स्वरूप तिच्या ध्येयवाक्यापेक्षा तिच्या जमाखर्चावरून अधिक खात्रीने कळते. सोलापूर जिल्ह्यातील, नीरेकाठच्या अकलूज या गावाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून या अर्थसाधनांचा क्रम लावून पाहावा आणि त्यातून एक प्रश्न अभ्यासकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न असा : ज्याला गरज आहे त्याला अनुदान सापडते, की ज्याच्यापाशी आधीच काही आहे त्याला ?

१

‘दान’ आणि ‘अनुदान’ या दोन शब्दांत एका उपसर्गाचे अंतर आहे; पण व्यवहारात ते अंतर फार मोठे आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. अनुदान हे मागाहून येणारे, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधी काही उभे केल्यावर त्याला जोड म्हणून येणारे द्रव्य होय. पेशवाईतील दक्षिणा हा पहिला प्रकार. इंग्रजी अमलात तीच रक्कम हळूहळू दुसऱ्या प्रकारात कशी रूपांतरित झाली, हा आपल्याकडील अनुदानाच्या इतिहासाचा आरंभ आहे. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्च दक्षिणेच्या रकमेतूनच भागविण्यात आला. पुढे १८४९ साली लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी अर्ज करून ही रक्कम केवळ शास्त्रीपंडितांस न देता मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांसही द्यावी अशी मागणी केली. सनातनी मंडळींनी त्यावर मोठे वादळ उठविले. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जोतीराव फुले यांच्या शाळांनाही याच निधीतून साहाय्य मिळाले. एका जुन्या धर्मादायाचे नव्या सार्वजनिक कार्याकडे वळणे हे अर्जामुळे घडले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. निधी आधीपासूनच होता; तो कोणाचा आहे हा प्रश्न विचारणारे मात्र नव्हते.

१८१३ च्या सनदेने कंपनी सरकारवर शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये खर्चण्याचे बंधन घातले. परंतु अनुदानाची खरी पद्धत आली ती १८५४ च्या वुडच्या खलित्याने. त्यातील अटी पुढील शंभर वर्षांच्या संस्थाजीवनाचा साचा ठरल्या. शाळेने चांगले लौकिक शिक्षण द्यावे, तिची स्थानिक व्यवस्थापक मंडळी असावी, तिने सरकारी तपासणीस मान्यता द्यावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घ्यावी, असे त्यांचे स्थूल स्वरूप होते. यांपैकी प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहता रास्त दिसते. एकत्र घेतल्यास मात्र त्यांचा अर्थ असा होतो की, ज्या गावात व्यवस्थापन करू शकतील अशी शिकलेली माणसे आहेत, फी देऊ शकतील असे पालक आहेत आणि हिशेब लिहिणारा कारकून आहे, त्याच गावात अनुदान पोहोचेल. मुंबई इलाख्यात पुढे निकालावरून अनुदान देण्याची पद्धत आली, तेव्हा तर तपासनिसासमोर मुले किती उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पोट अवलंबून राहिले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी नेमके या विसंगतीवर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास होतो, असे त्यांचे म्हणणे होते. इलाख्यात १८६३ पासून जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा स्थानिक कर बसविलेला होता व त्याचा एक अंश शाळांसाठी राखलेला होता. म्हणजे शेतकरी शाळेचा देणगीदार होता. फरक इतकाच की, देणगीदारांच्या फलकावर त्याचे नाव नव्हते.

२

सरकारी अनुदान अपुरे आणि अटींनी बांधलेले असल्यामुळे महाराष्ट्रात अर्थसाधनांचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले. ते येथे थोडक्यात नोंदविणे पुरे होईल.

पहिला प्रकार अल्पवेतनाचा. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा घेत आणि मासिक सुमारे ७५ रुपयांवर काम करीत. न घेतलेला पगार ही या संस्थेची सर्वांत मोठी देणगी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दुसरा प्रकार लहान वर्गणीचा. धोंडो केशव कर्वे यांनी मुरूडच्या लोकांकडून वर्गणी गोळा करून उभा केलेला मुरूड फंड आणि अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. तिसरा प्रकार मोठ्या देणगीचा. कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्याबरोबर देणगीदाराच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लागले. कायद्याची मान्यता मात्र त्या विद्यापीठास १९५१ सालीच मिळाली. तोपर्यंतची वाटचाल मुख्यतः लोकांच्या द्रव्यावर झाली. चौथा प्रकार धान्याचा व श्रमाचा. १९१९ साली काले येथे भाऊराव पाटलांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने हा प्रकार पूर्णत्वास नेला. तेथे मूठमूठ धान्य, वसतिगृहातील मुलांचे श्रम आणि लक्ष्मीबाईंचे दागिने या सर्वांची बेरीज म्हणजे संस्थेचे भांडवल होते.

रयतच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले. भाऊरावांनी लोकांकडे धाव घेतली. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. अनुदानावर उभी असलेली संस्था आपल्या चालकाच्या स्पष्ट बोलण्याची किंमत देते, आणि लोकांत मुळे असली तरच ती किंमत देऊन उरते, असा दुहेरी धडा या प्रसंगातून मिळतो.

३

अकलूज परिसराचा मार्ग या चारही प्रकारांहून थोडा निराळा आहे. म्हणूनच तो स्वतंत्रपणे पाहावयाचा. माळशिरस तालुका मूळचा अवर्षणाचा. भाटघरचे धरण आणि नीरा उजवा कालवा यांमुळे १९२० नंतरच्या काळात त्याच्या एका भागात बारमाही पाणी आले. पाण्यामागून ऊस आला. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९३२ साली कारखान्याची कंपनी स्थापिली. आजचे माळीनगर त्यातून वसले. जवळच श्रीपूर येथे बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना उभा राहिला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजजवळ सहकारी साखर कारखाना निघाला. त्यापूर्वीच, १९४८ साली, त्यांनी अकलूज येथे शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना केलेली होती.

शाळा आणि कारखाना एकाच परिसरात, एकाच नेतृत्वाखाली वाढले, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. सहकारी कायद्याने तिच्यासाठी वाट करून ठेवली होती. १९१२ च्या सहकारी संस्थांच्या कायद्यात असे कलम होते की, नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीस टाकल्यावर उरलेल्या नफ्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम निबंधकाच्या संमतीने धर्मादाय कार्यास देता येईल. आणि १८९० च्या धर्मादाय निधींच्या कायद्याने केलेल्या व्याख्येत शिक्षणाचा समावेश होत होता. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने ही मर्यादा विस्तारून निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत नेली. याशिवाय सहकारी कारखान्यांच्या क्षेत्रात आणखी एक पद्धत रूढ झाली : सर्वसाधारण सभेने ठराव करावा आणि उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासाठी कापून घ्यावी.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. वर्गणी मागण्यासाठी दारोदार फिरावे लागत नाही. रक्कम दर हंगामास ठरावीक वेळी येते. आणि ज्याच्या शेतात अधिक ऊस त्याचा वाटा अधिक, असे प्रमाणही आपोआप साधते. सरकारी अनुदानास जी स्थानिक जोड लागते, ती जोड अशा रीतीने सिद्ध होते. इमारत आधी उभी करून मग मान्यतेचा अर्ज करणे ज्या गावांना शक्य झाले, त्यांच्यामागे बहुधा अशीच एखादी नियमित आवक होती.

दोषही तितकेच विचारणीय आहेत. बिलातून कापलेली रक्कम देणगी म्हणावी की कर ? सभासदाने सभेत हात वर केला हे खरे. पण एकट्याने नकार देण्याची सोय त्याला नव्हती. शिवाय ऊस पिकविणारा सभासद असतो, ऊस तोडणारा सभासद नसतो. हंगामापुरता गाव सोडून आलेल्या तोडणी कामगाराच्या श्रमाचा अंश त्या टनात होता. त्याच्या मुलाचे शाळेतील स्थान मात्र हंगामाबरोबर येत-जात राहिले. फुल्यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न येथे वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहतो.

४

१९६० नंतर राज्यशासनाची भूमिका विस्तारली. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठी वार्षिक १२०० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेपर्यंत फीमाफी देण्याचे धोरण यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आले. या धोरणाचे सामाजिक मोल सर्वमान्य आहे. परंतु संस्थांच्या अर्थकारणावरील त्याचा परिणाम क्वचितच सांगितला जातो. पूर्वी गरीब विद्यार्थी म्हणजे शाळेच्या उत्पन्नातील तूट होती. फीची भरपाई शासनाकडून मिळू लागताच तोच विद्यार्थी शाळेच्या उत्पन्नाचा आधार झाला. खेड्यात माध्यमिक शाळा काढणे यामुळे प्रथमच व्यवहार्य ठरले. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. महाविद्यालयांसाठी १९५६ च्या कायद्याने स्थापित विद्यापीठ अनुदान आयोगाचे साहाय्य हा आणखी एक मार्ग खुला झाला.

हा विस्तार कायमचा ठरला नाही. १९८३ पासून व्यावसायिक शिक्षणात विनाअनुदान तत्त्व आले. २००१ साली नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर मान्यता देण्याचे ठरले. २००९ साली त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. परंतु एक शब्द वगळल्याने पगार सुरू होत नाही, हे त्या शाळांतील शिक्षकांनी पुढील अनेक वर्षे अनुभवले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी कमी पगार स्वेच्छेने पत्करला होता. येथे तो पत्करणाऱ्यास विचारले गेले नव्हते. दोन्ही गोष्टींना ‘त्याग’ हाच शब्द लावणे इतिहासकाराने टाळले पाहिजे.

शासन मागे सरले तेव्हा संस्थांची दृष्टी उद्योगांकडे वळली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चणे आवश्यक झाले. ही रक्कम मिळविण्यासाठी संस्थेपाशी १८६० च्या अथवा १९५० च्या कायद्याखालील नोंदणी, प्राप्तिकर खात्याची मान्यता, लेखापरीक्षित हिशेब आणि २०२१ पासून कंपनी मंत्रालयाकडील स्वतंत्र नोंदणी असावी लागते. परदेशातून देणगी घ्यावयाची तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा व २०२० मध्ये कडक झालेल्या त्याच्या अटी पाळाव्या लागतात. वुडच्या खलित्यातील ‘स्थानिक व्यवस्थापन’ आणि ‘तपासणी’ यांचाच हा विस्तारित अवतार होय. त्याच १३५ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे : कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे. जेथे कारखाना तेथे पैसा, हा नीरेच्या कालव्यावरील अनुभव अशा रीतीने देशाच्या कायद्यात आला. पण मग जेथे कालवाही नाही आणि कारखानाही नाही, त्या गावाने कोणाच्या आसपास असावे ?

५

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. पावणेदोनशे वर्षांत अनुदानाचे दाते बदलले. त्याची रीत फारशी बदलली नाही. प्रत्येक दात्याने काही ना काही जोड मागितली : व्यवस्थापक, फी, निकाल, इमारत, नोंदणी, हिशेब. ही जोड देण्याची शक्ती अकलूजला पाण्याने व सहकाराने दिली, आणि त्या शक्तीचा उपयोग शाळांसाठी करण्याची दृष्टी तेथील नेतृत्वाला होती, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू गावे त्याच अर्जावर मागे राहिली असतील, तर त्यांच्या उत्साहात उणेपणा होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. उणी होती ती जोड.

या विषयाची साधने दुर्मीळ नाहीत. संस्थांच्या सभांची इतिवृत्ते, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेले हिशेब आणि शिक्षणखात्याचे मान्यतेचे आदेश ही सर्व कागदपत्रे तालुक्याच्या गावी अजून उपलब्ध होण्यासारखी आहेत. मात्र कपाटे रिकामी करण्याच्या निमित्ताने ती रद्दीत जाण्याचा धोका दरवर्षी वाढत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक तालुका घेऊन मंजूर झालेल्या अर्जांबरोबर नामंजूर झालेल्या अर्जांचीही नोंद करावी. मंजूर अर्जांतून संस्थांचा इतिहास लिहिला जातो. नामंजूर अर्जांतून समाजाचा. दुसरा इतिहास अजून लिहावयाचा आहे.