पुढली बंदूक कोणत्या बोअरची?

खंडेनवमीच्या दिवशी तलवार, कोयता आणि नांगराचा फाळ यांच्या शेजारी ज्या घरांत बंदूकही पाटावर मांडली जाते व तिला गंध-फूल वाहिले जाते, अशी घरे आपल्या समाजात आजही आहेत. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत, हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या गावांच्या परिसरात, वतनदारीचा काळ लोकांच्या स्मरणातून पुरता गेलेला नाही. अशा घरातील एखाद्या हौशी वारसास वडिलोपार्जित संग्रहात आणखी एका शिकारी रायफलीची भर घालावी असे वाटले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बोअरचा. हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा दिसतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. कारण आपल्या देशात बंदुकीचा बोअर शिकाऱ्याने जितका ठरविला, त्याहून अधिक तो राज्यसत्तेने ठरविलेला आहे.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. छऱ्याच्या बंदुकीचे माप मोजण्याची रीत जुनी व काहीशी गमतीची आहे. एक पौंड शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअरची बंदूक. म्हणून तेथे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. रायफलीचे माप याच्या उलट सरळ इंचात देतात. ४५० बोअर म्हणजे ०.४५० इंच, अर्थात सुमारे साडेअकरा मिलिमीटर.

आपल्याकडील जुन्या तोड्याच्या बंदुकीस असा ठरीव आकडाच नव्हता. कारागिराने नळी घडवावी, तिच्या पोकळीच्या मापाचा साचा करून द्यावा, आणि बंदूकधाऱ्याने शिसे वितळवून त्या साच्यात घरच्या घरी गोळ्या ओताव्यात, असा परिपाठ होता. दारू लागे ती सोरा, गंधक आणि कोळसा यांची. म्हणजे बंदूक एकदा हाती आली की तिच्या खाद्यासाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नसे. ही गोष्ट साधी दिसते, परंतु पुढील सर्व इतिहासाची किल्ली तीच आहे. अशा प्रजेला निःशस्त्र करावयाचे तर घरोघर जाऊन बंदुकाच गोळा कराव्या लागत.

१८५७ साली इंग्रजांनी नेमके तेच आरंभिले. त्या वर्षीच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने लोकांस आपली हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम झाला. दुबलगुंडीहून नैर्ऋत्येस, भीमा व कृष्णा ओलांडून गेल्यावर, घोरपडे घराण्याचे मुधोळ संस्थान लागे. त्यातील हलगली गावचे बेरड शिकारीवर आणि शस्त्रावर जगणारे. बंदूक त्यांच्या लेखी पोटाचे साधन होती आणि अब्रूही होती. त्यांनी हत्यारे देण्याचे नाकारले व नोव्हेंबर १८५७ मध्ये ते उठले. इंग्रजी फौजेने गावावर चालून जाऊन हा उठाव मोडला आणि डिसेंबरात १९ जणांस फासावर चढविले. कानडी मुलखात या बेरडांचे पोवाडे गाइले जातात. आपल्या वाचकांसही हे नाव माहीत असावे.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. आजच्या कर्नाटकातच असलेल्या कोडगू प्रांतातील कोडव लोकांस त्यांच्या राजनिष्ठेबद्दल १८६१ मध्ये त्याच कायद्यातून सूट मिळाली. ती सूट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. कोडव लोक आपल्या कैलपोळ्द सणास बंदुकांची पूजा करतात. एकाच्या हातची बंदूक गेली, दुसऱ्याची राहिली. भेद शौर्याचा नव्हता, सत्तेच्या मर्जीचा होता.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत हत्यारांचा सर्वसाधारण कायदा झाला. हिंदी माणसास परवाना सक्तीचा झाला. युरोपियनांस मात्र मोकळीक राहिली. बिदर आणि गुलबर्गा हे त्या वेळी निजामाच्या मुलखात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे थेट लागू नव्हता. परंतु हैदराबाद संस्थानास स्वतःचे बंदर नव्हते. विलायती बंदूक व काडतुसे उतरत ती ब्रिटिश हद्दीतील बंदरावर, आणि तेथील मर्जीवाचून पेटी पुढे सरकत नसे. तोपर्यंत काळही बदलला होता. तोड्याच्या बंदुकीची जागा काडतुसाच्या बंदुकीने घेतली होती आणि काडतूस घरी ओतता येत नाही. आता सरकारला घरोघर फिरण्याचे कारण उरले नाही. एका आकड्यावर बंदी घातली की पुरे.

याचा ठळक दाखला म्हणजे ४५० बोअरची कथा. इंग्रजी फौजेने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिचे काडतूस ५७७/४५० मापाचे. पुढे १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांच्या पेढीने नव्या धूरविरहित दारूचे ४५० बोअरचे शिकारी काडतूस काढले. त्याची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असे. वाघ, गवा, हत्ती अशा मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यांत हा बोअर थोड्याच काळात सर्वमान्य झाला. परंतु जुन्या मार्टिनी रायफली अनेकांच्या हाती गेल्या होत्या, आणि शिकारीच्या नावाने आलेला ४५० चा दारूगोळा त्यांना पुरविला जाईल अशी भीती सरकारला वाटू लागली. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात या बोअरची आयात बंद झाली. मग विलायतेतील बंदूकवाल्यांनी काय केले? त्यांनी माप किंचित बदलले. ४६५ आणि ४७० हे बोअर पुढे आले ते यामुळे. ४५० ने पडत नव्हते आणि ४७० ने पडू लागले, असे एकही जनावर नव्हते. संग्राहक ज्या ४७० बोअरकडे आज मोठ्या आदराने पाहतो, त्याच्या भाग्योदयामागे शिकारीची गरज थोडी आणि सरकारचे भय फार, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३१५ बोअरचा जन्मही याच जातीचा. ३०३ हा फौजेचा बोअर असल्यामुळे नागरिकांना तो निषिद्ध झाला. तेव्हा ऑस्ट्रियातील मॅन्लिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस नागरी वापरासाठी पुढे आले व ते ३१५ या नावाने रूढ झाले. बंगालमधील इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने याच बोअरच्या शिकारी रायफली पुढे बनविल्या आणि गावोगावच्या परवानाधारकांकडे बहुधा तीच दिसू लागली.

शिकारीच्या दृष्टीने पाहिले तरी मोठ्या आकड्याचा मोह व्यर्थच ठरतो. जिम कॉर्बेट यांना १९०७ मधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बीची २७५ बोअरची, म्हणजे अवघी ७ मिलिमीटरची होती. नेम आणि धीर असला तर लहान बोअर पुरतो, हे त्यांनी दाखवून दिले. दुबलगुंडीच्या आसपासचा मुलूख तर तांबड्या जांभ्या दगडाचा माळ आणि काळ्या रानाचा. येथे ज्वारी व तूर पिकते. येथील जनावरे म्हणजे काळवीट, लांडगा आणि रानडुक्कर. पूर्ण वाढलेल्या काळविटाचे वजन चाळीस किलोच्या आसपास. त्यासाठी हत्तीची रायफल कोणास हवी होती?

आणि आता तोही प्रश्न उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. काळविटास त्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. चित्ता तर त्याआधीच गेला. १९५२ मध्ये तो भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. अर्थात शिकारी रायफल ही आज साधन राहिली नसून केवळ स्मारक झाली आहे. ती निवडताना कसोटीही स्मारकाचीच लावावी.

कायद्याची मर्यादाही येथे सांगणे अवश्य आहे. १८७८ च्या कायद्याच्या जागी आलेला १९५९ चा हत्यारांचा कायदा १९६२ पासून अमलात आला. १९८३ मध्ये एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली गेली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. म्हणून ज्याच्याकडे आजोबांची बारा बोअर आणि वडिलांची ३१५ आहे, त्याचे ताट भरलेले आहे. त्यास ४७० हवी असेल, तर या दोहोंपैकी एकीस निरोप द्यावा लागेल. आजोबांची बंदूक देऊन परक्या शिकाऱ्याची आठवण घरात आणणे, हा सौदा शहाणपणाचा वाटत नाही. भारी बोअरच्या राजेशाही रायफली पाहावयाच्या, तर त्यांची जागा संग्रहालयात आहे. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालय येथे जुन्या शस्त्रांचा संग्रह मांडलेला आहे.

तरीही भर घालावयाचीच असेल, तर ती तोड्याच्या बंदुकीची घालावी. दुरुस्त करूनही जी उडू शकणार नाही, अशी पुरातन बंदूक हत्यारांच्या कायद्यातून वगळलेली आहे. मात्र ती तशी आहे हे आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून लेखी करून घ्यावे. तिला बोअरचा आकडा नाही, विलायती पेढीचे नाव नाही, बाजारात मोठे मोलही नाही. परंतु हलगलीच्या बेरडांनी जी देण्यापेक्षा मरण पत्करले, ती याच जातीची. सीमेवरील आपल्या मुलखाचा इतिहास सांगणारी बंदूक संग्रहात हवी असेल, तर तिच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणत्याही बोअरला नाही.