ऊसतोड आणि कंपन्यांची नैतिक जबाबदारी (बीड जिल्हा)

मोठ्या कंपन्यांनी नीतीने वागावे ही अपेक्षा कुठे अडते, याचे उदाहरण म्हणून बीड जिल्ह्यातील ऊसतोडीकडे पाहावे लागते. दसऱ्यानंतर बालाघाट डोंगररांगेतील कोरडवाहू गावांतून लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. एक दिवस फडावर गेले नाही की ‘खाडा’, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांनाही सूट नाही. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ना पाणी, ना शौचालय.

2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला आणि राज्य सरकारने विधान परिषदेच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांची, गर्भाशये काढलेली आढळली. राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण जेमतेम 3 टक्के आहे. वयोगट वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी तफावत डोळ्यांत भरते.

मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हे वृत्तपत्र आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ ही वृत्तसंस्था यांनी या उसाच्या साखरेची पुरवठा साखळी कोका-कोला व पेप्सिको या खरेदीदारांपर्यंत नेऊन दाखवली. अशा कंपन्यांच्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता असतात. पण कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना मुकादमाकडे. मुकादम म्हणतो, मीच कर्जात आहे.

मग कंपनीची जबाबदारी किती? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये, कायद्याच्या चौकटीत नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी, असे मांडले. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. परंतु हा खर्च नफा झाल्यानंतरचा. तो नफा कसा झाला, हे कलम विचारत नाही. सहकार हा यावरचा उतारा मानावा, तर तेही खरे नाही. शेतकरी सभासदांच्या मालकीच्या सहकारी कारखान्यांतही तोड उचल-मुकादम पद्धतीनेच होते. सभासद मालक असतो, कोयता नसतो.

‘मजूर आमचे नव्हेत’ हा कारखान्यांचा नेहमीचा बचाव. तरीही तोडणीचे दर ठरवायला कारखान्यांचा राज्य साखर संघच मजूर संघटनांसमोर बसतो. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मान्य झाली, ती याच बैठकांतून. दराच्या वेळी मालक आणि शौचालयाच्या वेळी त्रयस्थ, अशी ही भूमिका आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तिला पूर्वीच छेद दिला होता: ठेकेदाराने पिण्याचे पाणी, शौचालय यांसारख्या सोयी दिल्या नाहीत, तर त्या मुख्य नियोक्त्याने, म्हणजे ज्याच्यासाठी काम होते त्याने, द्याव्यात. पण मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ऊसतोडीत ते मुकादमाच्या वहीत असते, आणि तेही बहुधा नवऱ्याचे.