रंगमंचावरचा शिपाई आणि पेटीतला डगला

बालाघाटच्या मराठी मंडळींत गणेशोत्सवातील ऐतिहासिक नाटकाचे आकर्षण जुने आहे. पूर्वी त्यासाठी लागणारे अंगरखे, सुरवारी, पगड्या आणि ढाली नागपूरहून भाड्याने येत. अशाच एका नाटकात पानिपताहून जीव वाचवून परतलेला स्वार मंचावर आला, तेव्हा त्याच्या अंगरख्याच्या इस्त्रीची घडीही मोडलेली नव्हती. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "हा लढाईहून आला, की लग्नाला निघाला?" आम्ही हसलो खरे, पण तो प्रश्न मनातून गेला नाही.

नटाच्या अंगावरील लष्करी पोशाख वापरलेला दिसावा, यासाठी विलायतेतील नाट्यगृहांत स्वतंत्र कारागीर असतात. त्या कामास तेथे 'ब्रेकडाऊन' म्हणतात. आपल्याकडे बाबूराव पेंटर पडदे रंगविण्याच्या कलेतून चित्रपटाकडे आले आणि 1923 साली त्यांनी 'सिंहगड' काढला. रंगमंचावरील वस्त्र प्रेक्षक दहा हातांवरून पाहतो. कॅमेरा मात्र त्याच्या धाग्यापर्यंत पोहोचतो. तेव्हापासून कोऱ्या कापडाचे असत्य लपविणे अवघड झाले.

वस्त्र जुने करणे म्हणजे ते मळविणे नव्हे. प्रथम ते कोणाचे, हे ठरविले पाहिजे. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई, तर बारगिरास घोडा सरकारातून मिळे. दोघांनाही आजच्या अर्थाने गणवेश नव्हता. एकसारखा पोशाख प्रामुख्याने गारद्यांसारख्या कवायती पलटणींत दिसे. म्हणून वीस मावळे एकाच थानाच्या कापडात उभे केले, की इतिहास तेथेच बिघडतो. त्यांची वस्त्रे वेगवेगळी हवीत आणि त्यांची झीजही वेगवेगळी हवी.

दुसरा प्रश्न काळाचा. शिवकाळात फौजेने दसऱ्यास मुलूखगिरीस निघावे आणि वैशाखात छावणीस परतावे, अशी रीत सभासदाने नोंदली आहे. दसऱ्याचा अंगरखा आणि वैशाखाचा अंगरखा एकच असला, तरी सारखा दिसणार नाही. भाऊसाहेब 1760 च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघाले आणि पानिपतचा रणसंग्राम 14 जानेवारी 1761 रोजी झाला. दहा महिन्यांची वाटचाल, उत्तरेची थंडी आणि अखेरची उपासमार, हे सारे त्या कापडावर उमटले असले पाहिजे. मातीही प्रसंगाचीच हवी. प्रतापगडाखालची तांबडी माती पानिपतच्या स्वारास लावून चालणार नाही. त्याच्यावर उत्तरेच्या मैदानाची फिकट धूळ शोभेल.

तिसरा प्रश्न कामाचा. स्वाराची सुरवार बैठकीत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस झिजते. तलवार डाव्या कमरेस असल्याने म्यानाची घासण तेथे उमटते. कमरबंदाखालचे कापड उन्हापासून वाचते, म्हणून तेथे मूळ रंगाचा पट्टा राहतो. तोड्याची बंदूक चालविणाऱ्याच्या बाहीवर ठिणग्यांची बारीक भोके पडतात. पगडीची कपाळाकडील कड घामाने व तेलाने काळवंडते. रंगांचेही स्वभाव भिन्न आहेत. कुसुंब्याचा गुलाबी आणि हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतात. मंजिष्ठेचा व आलाचा तांबडा टिकतो. नीळ घडीवर आणि कडांवर घासून पांढुरकी होते.

एवढे कळले, की कृती सोपी आहे. कोरे कापड सोड्याच्या पाण्यात वारंवार धुऊन त्याची खळ काढावी. चहाच्या कढत पाण्यात बुडवून त्याचा पांढरेपणा मारावा. मग ते ओले असतानाच नटाच्या अंगावर चढवून कमरबंद आवळावा आणि तसेच वाळू द्यावे, म्हणजे चुण्या जेथे पडायच्या तेथेच पडतात. कोपर, गुडघे आणि कडा पाय घासायच्या वजरीने घासाव्यात. धुळीसाठी चाळलेली माती पुरते. चामड्याचा पट्टा तेल लावून पुन्हा पुन्हा वाकवावा. पितळ चिंचेने लख्ख करू नये. खळग्यांतील काळेपणा राहू द्यावा. कात्रीने फाडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण कात्रीची फाट सरळ असते आणि खरे कापड शिवणीपाशी उसवते. शिवाय गरीब शिपायाने फाटका अंगरखा तसाच मिरविला नसता. घरच्या माणसांनी त्यास ठिगळ लावले असते. नीट टाक्यांचे एक ठिगळ दहा भोकांपेक्षा अधिक सांगून जाते.

हे शहाणपण आम्हांस फार उशिरा आले, हे येथे कबूल केले पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, म्हणजे 1854 साली ते राज्य खालसा होण्यापूर्वी, लांजीचा हा मुलूख नागपूरच्या दौलतीत होता. आपल्यापैकी अनेक घराणी त्या चाकरीच्या आठवणी सांगतात. आमच्या घरीही पेटीत कापूस भरलेला एक जुना डगला होता. 1979 च्या गणेशोत्सवात तो नाटकासाठी मागण्यात आला. मळकट वस्त्र कसे द्यावे, या संकोचाने आम्हीच तो धोब्याकडे टाकला. परत आला तो स्वच्छ, कडक आणि आतील कापसाच्या गाठी झालेला. डाव्या कमरेवरची काळपट रेघ गेली आणि गळ्याजवळचा तेलकट डागही गेला. वडिलांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता पेटीत ठेवला. त्यांचे ते मौन आम्हांस अजून बोचते.

पुढे शासकीय सेवेत कित्येक पंचनामे लिहिले, तपासले. जागेवरची वस्तू हलविण्यापूर्वी नोंद करावी, हा त्यातला पहिला धडा. त्या डगल्यावर एका अनाम माणसाच्या श्रमांचा पंचनामा लिहिलेला होता आणि तो आम्ही दोन रुपयांच्या धुलाईत पुसून टाकला. ती रेघ तलवारीची होती की आणखी कशाची, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून मंडळींस विनंती, की नाटकासाठी नवे वस्त्र शिवावे आणि ते मनसोक्त जुने करावे. घरातील जुने वस्त्र मात्र धुऊ नये, रफू करू नये, मंचावर देऊ नये. खळ काढलेल्या सुती कापडात ते सैल गुंडाळावे, उन्हापासून दूर ठेवावे आणि दसऱ्यास उघडून घडी बदलावी. ते कोणाचे आणि कोठून आले, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून एका कागदावर लिहावे व तो कागद सोबत ठेवावा. तसेच केलेले जुने वस्त्र वडिलार्जित म्हणून कोणास कधी दाखवू नये. रंगमंचावर तो अभिनयाचा भाग असतो. घराबाहेर सांगितले, तर ती खोटी साक्ष होते.