‘परत येणार ना?’ : व्हिसाच्या एका प्रश्नाची गोष्ट

हा आपल्या या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी वाचता यावा म्हणून. बोलताना मी जिथे भरकटलो ते कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या वर्षी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने ठरवलं, नऊ दिवस युरोपला जायचं. दोघांचं पहिलंच परदेश. मी पाच वर्षं एकाच कंपनीत कोड लिहितोय. तिने नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू केलेलं. आम्ही एकाच दिवशी अर्ज केले. हॉटेल तेच, विमान तेच, तारखा त्याच. पंधरा दिवसांनी दोन पाकिटं आली. माझ्या पासपोर्टवर स्टिकर होता. तिच्या पासपोर्टसोबत एक छापील कागद. त्यावर कारणांची यादी आधीच छापलेली, आणि एका चौकटीत फुली. त्या चौकटीचा अर्थ थोडक्यात असा, की मुदत संपायच्या आत तुम्ही आमचा प्रदेश सोडाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे.

आईने विचारलं, “अगं, असं काय लिहिलंस तू फॉर्ममध्ये?” बहीण काही बोलली नाही. ऑफर लेटर नसणं, लग्न झालेलं नसणं, नावावर घर नसणं, यातलं काहीच तिने फॉर्ममध्ये चुकीचं लिहिलं नव्हतं. पण चार दिवस ती अशी वावरत होती, जणू काही चोरी करताना सापडली. मित्रमैत्रिणींना तिने सांगितलं, “कामामुळे कॅन्सल केलं.”

आम्हा डेव्हलपर लोकांची एक सवय असते. विचित्र ओळ दिसली की गिट ब्लेम काढायचं, म्हणजे ही ओळ कोडमध्ये कोणी आणि कधी घातली ते बघायचं. मी म्हटलं, ‘परत येणार ना?’ या ओळीचंही काढू या.

१८८३ : व्हिसा नाही, पण इंटरव्ह्यू झालाच

फेब्रुवारी १८८३. बंगालमधलं श्रीरामपूर कॉलेज. अजून अठराही पूर्ण न झालेली आनंदीबाई जोशी भाषणाला उभी आहे. तिला डॉक्टर व्हायला अमेरिकेला जायचंय, आणि लोकांच्या सहा प्रश्नांना ती उत्तरं देते. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे काही संकट आलं तर? आणि जे इथल्या कोणत्याही बाईने केलं नाही ते तू का करतेस?

हे प्रश्न पुन्हा एकदा वाचा. प्रवासाचा हेतू, इथल्या परिस्थितीचा तपशील, सोबत कोण, परतीचं काय, अडचण आली तर सोय काय. व्हिसाचा फॉर्मच झाला की हा!

गंमत म्हणजे हे प्रश्न अमेरिकेने विचारले नव्हते, आपल्याच लोकांनी विचारले होते. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून निघाली, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, आणि त्यासाठी तिला व्हिसा लागला नाही. समुद्र ओलांडायला परवानगी हवी होती ती जातीची. अर्थात अमेरिकेचं दार सगळ्यांना उघडं होतं असंही नाही. चिनी मजुरांना रोखणारा कायदा तिथे १८८२ सालीच आला होता. म्हणजे माणसाकडे न बघता तो कुठून आला ते बघून दार लावायची सुरुवात झाली होती. आपला नंबर यायला अजून वेळ होता.

१९१४ : नियमात आपलं नावच नाही

तो नंबर कॅनडात लागला. तेव्हा कॅनडा आणि हिंदुस्थान दोन्ही ब्रिटिश साम्राज्यात. राजा एकच, त्यामुळे ‘हिंदी लोकांना बंदी’ असं उघड लिहिणं अडचणीचं. म्हणून १९०८ मध्ये एक नियम आला. जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून निघून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, कुठेही प्रवास न तोडता जो येईल त्यालाच प्रवेश. नियमात भारतीय हा शब्द कुठेच नाही. फक्त हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जहाजसेवाच नव्हती! वर आशियातून येणाऱ्याच्या हातात २०० डॉलर असायला हवेत अशी अटही होती. बँक स्टेटमेंटचा आजोबाच म्हणा.

गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ हे जपानी जहाज भाड्याने घेतलं. एप्रिलमध्ये हाँगकाँगहून निघून ते २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोहोचलं. जहाजावर ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबचे शीख. किनारा समोर दिसतोय, पण उतरता येत नाही. असे दोन महिने गेले. अन्नपाण्याचे हाल झाले. शेवटी जेमतेम २४ जणांना उतरू दिलं आणि २३ जुलैला जहाज परत पाठवलं, तेही युद्धनौकेच्या पहाऱ्यात.

सप्टेंबरअखेर ते कलकत्त्याजवळ बजबजला लागलं. सरकारला हे लोक बंडखोर वाटत होते, म्हणून त्यांना थेट पंजाबच्या गाडीत बसवायचं ठरलं होतं. प्रवाशांनी नकार दिला. गोळीबार झाला आणि वीसेक प्रवासी मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

१९१८ : टिळक कोलंबोत अडकले

दरम्यान पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. त्याआधी युरोपच्या बऱ्याच भागात पासपोर्टशिवाय फिरता यायचं. युद्धात प्रत्येक सरकारला हेरांची भीती वाटू लागली, आणि पासपोर्ट-व्हिसाची सक्ती आली. तात्पुरती, असं तेव्हा म्हटलं गेलं.

तिचा फटका लोकमान्य टिळकांनाही बसला. १९१८ च्या वसंतात केळकर, खापर्डे वगैरे मंडळींसह होमरूलची बाजू मांडायला ते इंग्लंडला निघाले. हातात पासपोर्ट होते. कोलंबोला पोहोचल्यावर लंडनहून हुकूम आला, पासपोर्ट रद्द! सगळे माघारी. पुढे त्याच वर्षी चिरोल खटल्यासाठी त्यांना जाऊ दिलं, पण तिकडे राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. म्हणजे कागद हातात असणं आणि पोहोचणं या तेव्हाही दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

युद्ध संपलं. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला याच विषयावर परिषद भरवली. ही कटकट कधीतरी संपावी अशी इच्छा तिथे होती. निघालं काय? सगळ्या देशांसाठी ३२ पानी पासपोर्टचा एकसारखा नमुना. तात्पुरती गोष्ट नीट छापली गेली आणि कायमची झाली. आपल्याकडे त्याच १९२० साली देशात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा झाला. तो रद्द व्हायला २०२५ उजाडलं, आणि त्या जागी नवा कायदा आला.

गृहीत धरलेला संशय

आता आपली ओळ. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने माणसं निवडायचं काम बंदरावरून उचलून परदेशातल्या कॉन्सुलेटमध्ये नेलं. जहाज अडवायचं, उपाशी प्रवासी, पेपरात बातम्या, ही भानगडच नको. माणसाला त्याच्या गावातच थांबवायचं. आणि १९५२ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं, की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानेच अधिकाऱ्याला पटवायचं. हे कलम आजही लागू आहे.

कोर्टात आरोप करणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो. इथे उलटं. आणि पुरावाही कशाचा, तर अजून न घडलेल्या गोष्टीचा. मग अधिकारी काय बघणार? पगार, लग्न, मुलं, घर. ज्याच्या मागे जास्त दोर बांधलेत तो परत येईल, हा तर्क. माझी बहीण या तर्कात नापास झाली.

आपण फक्त सोसणारे होतो असं मात्र नाही. १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी भारताने परमिट आणलं. ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा लागू लागले. काल ज्यांचं घर एका गल्लीत होतं त्यांना भावाच्या लग्नाला जायलाही शिक्का हवा.

आपल्या नागरिकांनाही आपण सहज सोडत नव्हतो. पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग सॉनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. तरी पैशांचं काय? एके काळी शिकायला निघालेली मुलं हातात आठ डॉलर घेऊन विमानात बसायची. आज रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे.

म्हणजे निघायचा हक्क आपण भांडून मिळवला. पण १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम काढून बघा. कोणताही देश सोडायचा आणि आपल्या देशात परतायचा हक्क आहे. दुसऱ्या देशात शिरायचा हक्क त्यात लिहिलेलाच नाही.

१९८६ : लंडनचं दार

हे मला अजिबात माहीत नव्हतं. १९८६ पर्यंत भारतीय पर्यटकाला ब्रिटनला जायला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता! हीथ्रोला उतरायचं, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, शिक्का घ्यायचा. स्थायिक व्हायचे नियम १९६२ पासून कडक होत गेले होते, पण पाहुण्याला हे चालायचं.

सप्टेंबर १९८६ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरिया या पाच देशांना व्हिसा लावायची घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये आपल्यासाठी नियम लागू व्हायच्या आधी हीथ्रोवर दक्षिण आशियातून आलेल्यांची इतकी गर्दी उसळली की तपासणी तुंबली.

पुढच्याच वर्षी आणखी एक कायदा आला. योग्य कागदांशिवाय प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी १,००० पौंड दंड. आज मुंबईच्या चेक-इन काउंटरवरची मुलगी तुमचा व्हिसा उलटसुलट करून का बघते, त्याचं उत्तर असल्या कायद्यांत आहे. असा कायदा भारतानेही २००० साली केला.

आणि याच काळात, जून १९८५ मध्ये, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ एका बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमा उघडायचा करार केला. तो १९९५ पासून लागू झाला. आतल्या भिंती गेल्या, बाहेरची मात्र सगळ्यांची एकच आणि उंच झाली.

मग काय?

दुसऱ्या देशाला आत कोण येतंय हे बघायचा अधिकार आहे. मुदत संपल्यावर राहणारे लोकही असतात. ते मी नाकारत नाही. पण ती फुली म्हणजे तुमच्या चारित्र्याचा दाखला नाही. तिच्यामागे एक कायदा आहे, एक युद्ध आहे आणि बंदरातून हाकललेलं एक जहाज आहे. तुम्ही फॉर्म भरायला बसायच्या आधीच शंका तिथे लिहिलेली असते.

हे मी बहिणीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “दादा, इतिहास ठीक आहे, पण माझे नव्वद युरो गेले ना!” बरोबर आहे. फी परत मिळत नाही. आता ती पुन्हा अर्ज करतेय. या वेळी दोन वर्षांचे रिटर्न्स, क्लायंट्सची पत्रं, सगळं लावून. आणि मैत्रिणींना तिने खरं काय ते सांगितलंय. त्यातल्या दोघींनाही नकार आला होता, त्याही कोणाला बोलल्या नव्हत्या.

जाता जाता एक काम. घरात आजोबांचा, काकांचा जुना पासपोर्ट असेल तर उघडा. तो कोणत्या देशांसाठी चालतो, हे आत लिहिलेलं सापडेल. ‘दक्षिण आफ्रिका सोडून’ असंही दिसेल, कारण वर्णभेदाच्या काळात आपणच ते दार बंद केलं होतं. मागच्या पानांवर किती परकीय चलन दिलं त्याची बँकेची नोंदही असेल. सापडलं तर त्यामागची गोष्ट मला व्हॉइस नोट करून पाठवा. त्यावर पुढचा एक भाग नक्की करू.

भेटू लवकरच. तोवर काळजी घ्या!