खेळाडू कोणाचा? हजारे, निंबाळकर आणि संघ बदलण्याचा इतिहास

थ्रेड. जरा लांबला आहे, सवडीने वाचावा.

भातकापणी आटोपली की शिरोड्यापासून आचऱ्यापर्यंत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे फलक दिसू लागतात. त्यांतील एका अटीकडे माझे लक्ष हटकून जाते : ‘एक गाव, एक संघ’. या स्पर्धांत पायचीतवरून जेवढी भांडणे होत नाहीत, तेवढी ‘हा खेळाडू तुमच्या गावचा कसा?’ या प्रश्नावरून होतात. मंडपात आधारकार्ड मागवले जाते. आजोळ धरायचे की नाही? मुंबईत जन्मलेला आणि फक्त चतुर्थीला व शिमग्याला येणारा चाकरमान्याचा मुलगा कोणत्या गावचा? समितीची मंडळी यावर सामन्याहून अधिक वेळ घालवतात.

अमेरिकेत हाच वाद सध्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पेटला आहे. तेथे पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला सामान्यतः एक हंगाम बाहेर बसावे लागे. २०१८ च्या ऑक्टोबरात बदली इच्छिणाऱ्यांची नोंद करणारी एक यंत्रणा सुरू झाली. २०२१ मध्ये पहिली बदली बिनशर्त झाली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलीवरील बंधनही रोखले, आणि २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यासातील पात्रता टिकवणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा विद्यापीठ बदलता येते. चार वर्षांत तीन-चार विद्यापीठे पाहिलेले खेळाडू तेथे आता नवलाचे राहिलेले नाहीत.

यावरची तक्रार ठरलेली आहे : पूर्वीचे खेळाडू निष्ठावान होते, आताचे भाडोत्री झाले. आपल्याकडेही आयपीएलच्या लिलावानंतर हेच ऐकू येते. प्रश्न असा, की ते ‘पूर्वीचे’ निष्ठावान खेळाडू नेमके कोणत्या काळात होते? मराठी मुलखाच्या क्रिकेटपुरते पाहू.

विजय हजारे. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५. पहिला संघ महाराष्ट्र. पुढे देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांचा आश्रय मिळाला आणि हजारे मध्य भारताकडून खेळू लागले. थोर ऑस्ट्रेलियन लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना याच काळात लाभले. (गंमत म्हणजे आश्रयदात्या महाराजांनीच पुढे संस्थान बदलले : १९४७ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. निष्ठेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

१९३९-४० च्या हंगामात हजारे पुन्हा महाराष्ट्राकडून खेळत होते. पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. समोरचा संघ होता बडोदा. आणि थोड्याच काळात हजारे बडोद्याच्या नोकरीत दाखल झाले!

ज्याने आपल्याला झोडपले त्यालाच नोकरीवर ठेवावे, हा हिशेब गायकवाडांच्या दरबाराला चांगला कळला होता. १९४२-४३ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात बडोद्याचे तीन फलंदाज ९१ धावांत बाद झाले असता हजारे आणि गुल महंमद एकत्र आले, आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी झाली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. बडोदा एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकले.

आता या भागीदारीतील दोघांचे मूळ पाहा. एक सांगलीचा, दुसरा लाहोरचा. बडोद्याचा विश्वविक्रम करणाऱ्यांत बडोद्यात जन्मलेला एकही नाही. गुल महंमद भारताकडून आणि त्यानंतर पाकिस्तानकडूनही कसोटी क्रिकेट खेळले. त्यांच्या बाबतीत संघच नव्हे, देशही बदलला. तो बदल मात्र १९४७ ने अनेकांवर लादलेल्या उलथापालथीतला होता.

समोरचा होळकर संघही याच रीतीने उभा राहिला होता. त्याचे कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. १९२३ मध्ये होळकरांच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टन झाले. त्यांच्या भोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे अशी मंडळी जमली. रणजी स्पर्धेतील चौदा हंगामांत या संघाने चार विजेतेपदे मिळवली आणि सहा वेळा उपविजेतेपद. मार्च १९४५ च्या अंतिम सामन्यात तर होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. महायुद्धातील लष्करी सेवेसाठी तो भारतात आला होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरीही मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

ही व्यवस्था चाले कशी? त्या काळी केवळ क्रिकेटवर पोट भरणे जवळजवळ अशक्य होते. संस्थानिक थेट ‘खेळण्याचा पगार’ देत नसत. ते सैन्यात हुद्दा देत, दरबारात काम देत. नोकरी आली की वास्तव्य आले, आणि वास्तव्य आले की त्या प्रांताच्या संघात बसण्याचा आधार आला. कागदोपत्री खेळाडू हौशीच राही. अमेरिकन विद्यापीठांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द १९५० च्या दशकात रूढ केला, त्यामागेही खेळाडूला कामगार म्हणावे लागू नये हीच सोय होती. तिकडे विद्यार्थी, इकडे कॅप्टन. खरे काम दोन्हीकडे एकच.

आता भाऊसाहेब निंबाळकर. माझ्या मते या इतिहासाचा खरा नायक हाच. कोल्हापूरचे, जन्म १२ डिसेंबर १९१९. त्यांचे संघ मोजा : बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे. सहा! आजचा कोणताही बास्केटबॉलपटू त्यांच्यापुढे घरकोंबडाच म्हणावा लागेल.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा झाल्या. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघ्या काही फटक्यांवर होता. जेवणाची सुट्टी झाली, धावफलकावर महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. सामना सोडून पाहुणा संघ निघून गेला. नऊ धावा राहिल्या त्या राहिल्याच.

निंबाळकरांना एकही कसोटी सामना मिळाला नाही. संघ बदलत राहिल्यामुळे असे झाले, असा दावा मी करणार नाही. हजारेंनीही संघ बदलले आणि ते भारताचे कर्णधार झाले. पण या दोन जीवनक्रमांवरून एक गोष्ट दिसते : हिंडण्याने पोट भरे, नाव होईलच याची हमी नसे. संस्थाने विलीन झाली, १९५५ च्या सुमारास होळकर संघ इतिहासजमा झाला, तेव्हा निंबाळकरांसारख्यांना नवे अन्नदाते शोधणे भागच होते. राजवाड्याची जागा रेल्वेने, बँकांनी आणि मुंबईच्या कंपन्यांनी घेतली. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, निंबाळकर कोल्हापुरात वारले.

या नव्या व्यवस्थेतून आपल्या किनाऱ्याचा एक माणूस पुढे आला. रमाकांत आचरेकर, मूळचे मालवणचे. आडनावातच आचरे गाव आहे. प्रथम दर्जाचा त्यांचा एकमेव सामना १९६३-६४ मधला, आणि तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. पुढे शिवाजी पार्कवर शिकवताना त्यांनी ओळखले, की चांगल्या मुलाला चांगल्या शाळेचा संघ हवा. हॅरिस आणि गाइल्स ढाल हीच मुंबईच्या मुलांची खरी प्रवेशपरीक्षा. म्हणून त्यांनी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील एका मुलाला शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात घालण्याचा सल्ला दिला. घरच्यांनी तो मानला. रोजचा प्रवास झेपेना, तेव्हा मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस ढालीचा उपांत्य सामना, समोर सेंट झेवियर्स. शारदाश्रम २ बाद ७४८. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. डाव थांबवा, असे आचरेकरांनी दूरध्वनीवरून बजावले म्हणून तो तेथे थांबला. या प्रसंगावर मराठीत अमाप लिहिले गेले आहे. परंतु सचिनने शाळा बदलली नसती, तर ही भागीदारी झालीच नसती, हे त्यात कोठेतरी एका ओळीत उरकले जाते. त्याला कोणी भाडोत्री म्हटले नाही. म्हणूही नये. पण मग इतरांनाच का?

आजचे चित्र. एकट्या महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ आहेत. दुसरीकडे जायचे तर आपल्या संघटनेकडून ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. मुंबईचा वसीम जाफर विदर्भात गेला आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला. अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला, हा योगायोग इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुखावणारा. २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकर गोव्याकडे गेला आणि तेथे रणजी पदार्पणातच त्याने शतक केले. यशस्वी जैस्वालने २०२५ च्या एप्रिलमध्ये गोव्यासाठी दाखला मागितला आणि मे महिन्यात बेत बदलून मुंबईतच राहण्याची विनंती केली.

शिरोड्याहून पाहिले की हा सगळा भूगोल विलक्षण वाटतो. सिंधुदुर्गचा मुलगा ‘महाराष्ट्र’ संघाचा, म्हणजे त्याचे निवडकर्ते पुण्याला. चाकरमानी होऊन दादरला राहिला तर तो मुंबईचा. आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्याचा स्वतंत्र रणजी संघ, पर्वरीचे मैदान तास-दीड तासावर. स्वातंत्र्यापूर्वी याच टापूत ब्रिटिश रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी संस्थान आणि पोर्तुगीज गोवा अशा तीन सत्ता एकमेकींना खेटून होत्या. मिठापासून माणसांपर्यंत सगळे या सीमांवरून ये-जा करीत असे. सत्ता गेल्या, त्यांच्या जागी क्रिकेट संघटनांच्या हद्दी आल्या.

फरक एवढाच, की हजारेंना बोलावणारा महाराज एक व्यक्ती होता. त्याची मर्जी हाच नियम. आज नियम छापील आहे, अर्ज आहे, समिती आहे. तरीही दाखला द्यायचा की अडवायचा, हे खेळाडूच्या हाती नाहीच. अमेरिकेतील वाद न्यायालयात गेला तो नेमक्या याच मुद्द्यावर.

काही जण विचारतील : मग ‘एक गाव, एक संघ’ ही अट चुकीची का? मला तसे वाटत नाही. गावच्या स्पर्धेत कोणाचे पोट अवलंबून नसते. तेथे गाव हाच खेळाचा विषय असतो. जेथे खेळणे ही रोजीरोटी आहे, तेथे मात्र ‘तू आमचा, म्हणून इथेच राहा’ असे सांगणाऱ्याने पगाराचेही सांगावे.

१९४५ च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्यावर स्वतंत्र लिहायचे आहे. ४६२, ३६०, ७६४ आणि ४९२ : चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या होत्या. पुढचा थ्रेड त्यावर.