डब्यावरचा तक्ता कुणी लिहिला?

ऑक्टोबरातल्या बैठकीत पंचवटीतल्या आमच्या गटाकडे एक अर्ज आला. अंतर्गत कर्ज हवं होतं, कारण लिहिलं होतं ‘बाळाचं दूध’. बियाण्याला, फीला, शेळीला कर्ज देताना आम्ही चार प्रश्न विचारतो. बाळाच्या दुधाला कोण विचारणार? सह्या झाल्या, पैसे दिले.

पुढच्या बैठकीला त्या ताई डबाच घेऊन आल्या. बाळ तीन महिन्यांचं. गोडी छाटणी सुरू झालेली, त्यामुळे त्या द्राक्षबागेत आणि बाळ सासूबाईंकडे. डबा फार लवकर संपतो, म्हणून चार चमच्यांच्या पाण्यात त्या दोनच चमचे पावडर टाकत होत्या. डब्याच्या पाठीवर तक्ता होता: वय, पाणी, चमचे. अक्षर इतकं बारीक, की आमच्यातल्या शिकलेल्या बाईलाही डबा उजेडात धरावा लागला. हा तक्ता आला कुठून, हे शोधायचं आम्ही तेव्हाच ठरवलं.

आईचं दूध नसेल तर काय, हा प्रश्न जुनाच आहे. आयुर्वेदात वाग्भटाने अशा वेळी शेळीचं किंवा गाईचं दूध लघुपंचमूळ घालून द्यायला सांगितलंय. आपल्या आज्या बोंडल्याने पाजायच्या. पण मोजून-मापून, कागदावर लिहून द्यायची रीत आली ती युरोपातून. जर्मनीतल्या लीबिग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये गाईचं दूध, गव्हाचं पीठ, माल्टचं पीठ आणि थोडा क्षार अशी कृती छापली. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडात हेन्री नेस्लेने दूध, पीठ आणि साखरेची पूड विकायला काढली.

मग डॉक्टर मंडळी यात उतरली. अमेरिकेत बॉस्टनचे डॉक्टर रॉच दुधातली चरबी, साखर आणि प्रथिनं टक्क्यांत मांडायचे. बाळागणिक चिठ्ठी लिहायची आणि औषधासारखं दूध बनवून घ्यायचं. त्यासाठी १८९१ मध्ये तिथे दुधाची प्रयोगशाळाच निघाली. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर होल्ट यांनी आयांसाठी आणि दायांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढलं. त्यात पाजण्याच्या वेळासुद्धा ठरवून दिलेल्या. बाळ रडलं म्हणून घ्यायचं नाही, घड्याळात वाजलं की घ्यायचं! हे वाचून आमच्या गटातल्या आजी हसत सुटल्या.

हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट मात्र पुढची नाही. १९१२ मध्ये अमेरिकेत डेक्स्ट्री-माल्टोज नावाची बाळाच्या दुधात घालायची साखर निघाली. ती किती घालायची हे डब्यावर छापलेलंच नसे. माहिती फक्त डॉक्टरांकडे. म्हणजे आईने डबा घेतला तरी डॉक्टरकडे जायचं आणि डॉक्टरने त्याच कंपनीचं नाव सांगायचं. दोघांचाही धंदा चालला. वाईट हेतूचेच सगळे होते असं आम्ही म्हणत नाही. त्या काळी शहरांत नासकं दूध पिऊन बाळं दगावत, ती वाचवायची खरी धडपड यात होती. पण आपल्या बाळाला किती लागतं हे आईला कळत नाही, हेही त्याच तक्त्यांनी शिकवलं.

आपल्याकडे हे कसं पोचलं? नाशिकजवळ अंबडला ग्लॅक्सोचा औषधांचा कारखाना आहे, तो सगळ्यांना माहीत आहे. हे नाव मुळात बाळाच्या दूध पावडरीचं. न्यूझीलंडच्या नेथन कंपनीने ते १९०६ मध्ये नोंदवलं आणि १९०८ मध्ये आयांसाठी ‘ग्लॅक्सो बेबी बुक’ काढलं. १९२४ मध्ये मुंबईत तिची एजन्सी सुरू झाली. पुढे १९६० च्या सुमारास अमूलने म्हशीच्या दुधाचं बाळअन्न बनवलं. असं होऊच शकत नाही, असं परदेशी जाणकार सांगत होते.

धोका ओळखणारी बाईच होती. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरला भाषण केलं, विषय ‘दूध आणि खून’. डबाबंद गोड दुधावर वाढवलेली बाळं त्यांच्यासमोर मरत होती. पुढे अनेक देशांत तेच दिसलं. पाणी गढूळ, बाटली नीट उकळलेली नाही आणि महागाई म्हणून दूध पातळ. त्यात फुकट मिळालेला डबा संपेपर्यंत आईचं दूध आटतं, कारण बाळ ओढतं तेवढंच ते तयार होतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत या जाहिरातींवर आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, विरोधात एकटी अमेरिका.

आपला कायदा १९९२ चा, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू. त्याआधी १९९१ मध्ये आपल्याच वर्ध्याला स्तनपानासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ संस्था स्थापन झाली होती. कायद्यात डब्यावर बंदी नाही. पण जाहिरात नको, फुकट नमुना नको, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नको. डॉक्टर-नर्सना कंपनीची भेटही नको. आई नसलेल्या किंवा आजारी आईच्या बाळाला डबा लागतोच, आणि तेव्हा तो तक्त्याप्रमाणेच करावा लागतो, एक चमचाही कमी नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली, तीही अशाच बाळांसाठी.

आमच्या ताईंना डबा कायद्याने नव्हे, रोजंदारीने घ्यायला लावला होता. आशाताईंनी त्यांना हाताने दूध काढायला शिकवलं. स्वच्छ वाटीत झाकून, थंड जागी चार तास ठेवायचं, सासूबाईंनी चमच्याने पाजायचं. बागवानाशी आम्ही पाचजणी बोललो, तेव्हा दुपारची सुट्टी थोडी वाढली आणि त्या घरी येऊन पाजू लागल्या. पहिले आठ दिवस दूध पुरलं नाही, डबाही चालूच होता, पण पूर्ण चमच्यांनी. मग हळूहळू सुटला. बाळ आता नऊ महिन्यांचं आहे, नाचणीची पेज खातं. कर्जाचे दोन हप्ते अजून यायचे आहेत.